इस्लाम शाळेत शिकवायचा तर खोलात शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं. त्यांच्या पुतण्याच्या मुलाला इंग्लंडमधल्या शाळेत कलमा म्हणजे इस्लामच्या श्रद्धेचं वचन लिहायला लावतात, नमाज किती वेळा आणि कधी ते पाठ करायला लावतात, रोजा का धरतात त्यावर निबंध लिहायला लावतात, आणि म्हणून त्यांनी पुतण्याला सांगितलंय की मुलाला त्या तासाला बसवूच नको, इंग्लंडमध्ये तसं करता येतं. मी ते पत्र ऑनलाइन वाचलं, मग इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण फिरलं आणि बऱ्याच जणांना ते पटलेलं दिसलं, म्हणून लिहायला बसले. मी इंग्लंडमध्येच, लेस्टरला राहते, बरीच वर्षं झाली. माझी मोठी मुलगी आता इयर इलेव्हनला आहे म्हणजे आपली दहावी धरा, आणि तिला जीसीएसईला, म्हणजे इथल्या शालान्त परीक्षेला, रिलिजस स्टडीज हा विषय आहे, त्यात दोन धर्म, ख्रिश्चन आणि इस्लाम. तर त्या पत्रात जे लिहिलंय ते सगळं आमच्या घरी रोज डायनिंग टेबलवर चालू असतं. आणि माझं मत बरोब्बर उलटं आहे. मुलांनी हा धर्म शिकावा, आणि वरवर नाही, खोलात शिकावा.

आधी इथली पद्धत सांगते कारण पत्रात ती अर्धीच आली होती. इंग्लंडमध्ये शाळेत धर्माचा विषय शिकवणं 1944 च्या कायद्यापासून बंधनकारक आहे. तेव्हा म्हणजे ख्रिश्चन धर्मच असायचा. मग 1988 च्या कायद्यात आलं की अभ्यासक्रमात मुख्य भर ख्रिश्चन परंपरेवर राहील पण देशातल्या बाकीच्या प्रमुख धर्मांची शिकवण आणि आचरण पण त्यात आलं पाहिजे. आणि 2016 पासून जीसीएसईचा नवीन कोर्स सुरू झाला त्यात मुलांना दोन धर्म अभ्यासावेच लागतात, एकावर भागत नाही. परीक्षा बोर्डांकडे बौद्ध, ख्रिश्चन, हिंदू, इस्लाम, ज्यू, शीख असे सगळे पर्याय असतात, त्यातले कुठले दोन घ्यायचे ते शाळा ठरवते, आणि खूप शाळा ख्रिश्चन आणि इस्लाम घेतात. पालकांना मुलाला या तासातून काढून घ्यायचा हक्क आहे, कारण सुद्धा द्यावं लागत नाही. हा हक्क 1944 च्या कायद्यातही होता, आजही आहे, आणि तो कोणाकडून काढून घ्या असं माझं म्हणणं नाही. पण 2018 मध्ये इथल्या शिक्षक संघटनेच्या परिषदेत हा विषय निघाला होता, की काही पालक बाकी सगळं शिकू देतात आणि नेमकं इस्लामचं युनिट आलं, मशिदीची ट्रिप आली, की तेवढ्यापुरतं मुलाला काढून घेतात. आपली मराठी माणसं त्यात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

आता कोर्समध्ये नक्की काय असतं ते बघा. सुन्नी मुसलमानांच्या श्रद्धेची सहा कलमं: अल्लाह एकच, फरिश्ते, ग्रंथ, पैगंबर, कयामतचा दिवस आणि तकदीर. शिया लोकांची मांडणी वेगळी, पाच मूळ तत्त्वांची, त्यात अल्लाहचा न्याय आणि इमामत या दोन गोष्टी वेगळ्या काढून सांगतात. मग आचरण. कलमा, नमाज, रोजा, जकात, हज हे पाच स्तंभ, आणि शियांची दहा कर्तव्यं. सुन्नी पाच वेळा नमाज पढतात, शिया सुद्धा पाचच पण बरेचदा दोन दोन एकत्र करून दिवसातून तीनदा, आणि शिया लोक नमाजात कपाळ टेकायला मातीची छोटी वडी ठेवतात, कर्बलाच्या मातीची असली तर उत्तम. जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीच्या अडीच टक्के, ती पण ठराविक मर्यादेच्या वर असेल तरच, आणि ती मर्यादा साधारण 87.48 ग्रॅम सोनं किंवा 612.36 ग्रॅम चांदीच्या किमतीवर ठरते. शियांमध्ये त्याशिवाय खुम्स, म्हणजे शिलकीचा पाचवा हिस्सा. हजला काबाच्या सात फेऱ्या, मग सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात खेपा, ते का तर हाजरा आपल्या तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत तिथे धावली म्हणून, मग अराफातच्या मैदानात दिवसभर उभं राहून प्रार्थना, मीनाला खांबांना दगड. हे सगळं माझ्या मुलीला येतं. मला पण आता येतं, कारण रिव्हिजन मी घेते.

आणि प्रश्न कसे येतात, तर 1, 2, 4, 5 आणि 12 मार्कांचे. चार मार्कांत साधारण दोन मुद्दे नीट उलगडून सांगायचे. पाच मार्कांच्या प्रश्नात कुराण किंवा दुसऱ्या पवित्र ग्रंथाचा आधार द्यावा लागतो. आणि बारा मार्कांचा प्रश्न म्हणजे एक विधान देतात, उदाहरणार्थ पाच स्तंभांत जकात सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि मुलांनी त्या विधानाच्या बाजूने लिहायचं, विरुद्ध लिहायचं, दोन्हीकडे मुसलमान लोक स्वतः काय युक्तिवाद करतील ते धरून लिहायचं, आणि शेवटी स्वतःचा निष्कर्ष कारण देऊन मांडायचा. बारा मार्क तुम्ही काय मानता याला मिळत नाहीत, तुम्ही किती नीट समजून मांडलं याला मिळतात. वर्गात नास्तिक मुलं आहेत, पंजाबी आहेत, गुजराती आहेत, पोलिश कॅथलिक आहेत, मुसलमान मुलं तर आहेतच, आणि सगळ्यांना तोच पेपर. मुसलमान मुलाला ख्रिश्चनांचं ट्रिनिटी म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा समजावून लिहावं लागतं, जे त्याच्या श्रद्धेच्या अगदी विरुद्ध आहे. तोही लिहितोच ना. मग आपल्या मुलाने कलम्याचा अर्थ लिहिला तर त्यात एवढं काय घाबरायचं?

हा कलमा लिहायचा मुद्दा अमेरिकेत थेट कोर्टात गेला होता. मेरीलँड राज्यात ला प्लाटा नावाच्या हायस्कूलमध्ये अकरावीच्या जागतिक इतिहासात इस्लामचं युनिट होतं, वर्कशीटवर कलम्यातले गाळलेले शब्द भरायचे होते, एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी आक्षेप घेतला, केस झाली. 2019 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की हा अभ्यासाचा भाग आहे, मुलीला ते खरं मानायला किंवा म्हणायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने पुढे ऐकायला नकार दिला. त्या देशात तर सरकारी शाळेत कुठल्याच धर्माचा प्रचार करायला बंदी आहे. तिथेच 1963 मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळेत बायबल वाचून घेण्यावर बंदी आणली आणि त्याच निकालात लिहून ठेवलं की धर्मांचा तौलनिक अभ्यास केल्याशिवाय शिक्षण पूर्ण होत नाही असं म्हणता येईल. कॅलिफोर्नियात मोडेस्टो नावाचं गाव आहे, तिथे 2000 सालापासून नववीच्या सगळ्या मुलांना जागतिक धर्मांचा कोर्स सक्तीचा केला. गाव तसं जुन्या वळणाचं, चर्चला जाणारं. त्यांनी आधी सगळ्या धर्मांच्या लोकांना बोलावून अभ्यासक्रम दाखवला, ज्यांना नको त्यांना बाहेर पडायची सोय ठेवली, आणि मुलांवर काय परिणाम होतो याचा दोन संशोधकांनी अभ्यास पण केला, 2006 मध्ये रिपोर्ट आला. मुलांना दुसऱ्यांच्या धर्मस्वातंत्र्याबद्दल आदर वाढलेला दिसला, आणि स्वतःचा धर्म काही कोणी सोडला नाही.

मला वाटतं धर्मांतराची भीती ही बोलायची भीती आहे, खरी भीती वेगळीच असते. आपल्याला वाटतं की मुलाला त्यांचं सगळं समजलं, त्यांच्यात पण काही चांगलं आहे असं दिसलं, तर तो आपल्यापासून लांब जाईल. माझा अनुभव असा की झालं ते अगदी वेगळं. तकदीरचा धडा चालू होता. प्रश्न असा की अल्लाहला सगळं आधीच माहीत आहे, त्याच्या इच्छेशिवाय पान हलत नाही, मग माणसाने केलेल्या पापाचा जाब कयामतच्या दिवशी माणसाला कसा विचारायचा? सुन्नी आणि शिया यावर थोडं वेगवेगळं बोलतात, शिया माणसाच्या स्वातंत्र्यावर जास्त भर देतात कारण अल्लाह न्यायी आहे हे त्यांच्या मूळ तत्त्वांतलं एक. हे लिहिता लिहिता मुलीने मला विचारलं, आई मग आपल्यात प्रारब्ध म्हणतात ते काय, ते आधीच ठरलेलं असतं का, मग चांगलं वागून काय उपयोग? मला पटकन उत्तर देता आलं नाही, मी माझ्या वडिलांना व्हिडिओ कॉल लावून दिला. ते रोज ज्ञानेश्वरी वाचतात. त्यांनी तिला संचित, प्रारब्ध, क्रियमाण असं सगळं समजावून सांगितलं आणि दोघं तासभर बोलत बसले. इतकी वर्षं मी तिला गणपतीला, दिवाळीला, रामनवमीला मंदिरात नेते पण हा प्रश्न तिने मला कधी विचारला नव्हता. तो इस्लामच्या धड्यामुळे विचारला.

आणि मोहरमचं सांगते, हे मला फारच लागलं. माझं माहेर कडेगावच्या जवळचं, सांगली जिल्हा. कडेगावचे ताबूत ज्यांना माहीत आहेत त्यांना सांगायला नको. बांबू आणि रंगीत कागदांचे गगनचुंबी ताबूत, उचलायला गावातल्या सगळ्या जातीधर्माची माणसं, आणि ताबुतांच्या भेटी बघायला आजूबाजूच्या खेड्यांतून ही गर्दी. आम्ही पण जायचो, आजीच्या बोटाला धरून. सरबत मिळायचं ते प्यायचो, खेळणी घ्यायचो. पण हसन हुसेन कोण, कुठले, काय झालं त्यांना, हे आम्हाला ना शाळेत कोणी सांगितलं ना घरात. गावात माझ्या वर्गात मुलाणी, तांबोळी, शिकलगार आडनावाच्या मुली होत्या, त्यांना पण नीट माहीत होतं की नाही कोण जाणे, आम्ही कधी त्यावर बोललोच नाही. आणि इथे लेस्टरमध्ये माझी मुलगी मला आशुरा समजावून सांगते, कारण तो तिच्या सिलॅबसमध्ये आहे. की इसवी सन 680 मध्ये, मोहरमच्या दहाव्या दिवशी, पैगंबरांचे नातू हुसेन यांना इराकमध्ये कर्बलाच्या मैदानात मारलं. त्यांनी खलिफा यझीदची सत्ता मान्य करायला नकार दिला होता. बरोबर जेमतेम सत्तर बहात्तर माणसं, समोर मोठं सैन्य, आणि त्यांचं पाणी तोडलं होतं, नदी जवळ असून बायकामुलं तहानलेली होती. शिया मुसलमान हा दिवस दुखवट्याचा पाळतात. सुन्नी लोक त्या दिवशी ऐच्छिक रोजा धरतात, त्याचं कारण दुसरं, मूसा पैगंबर आणि त्यांचे लोक इजिप्तचा राजा फिरौन याच्या तावडीतून सुटले त्याची आठवण. हे ऐकल्यावर मला ते सरबत कशासाठी वाटायचे ते कळलं. तहानेची आठवण आहे ती. माझ्या गावाची गोष्ट आहे ही, माझ्या लहानपणाची, आणि ती मला माझ्या मुलीच्या इंग्लंडमधल्या पुस्तकातून समजते. शेजारी राहून आपण एकमेकांबद्दल किती कमी जाणतो याचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं.

म्हणून मी खोलात खोलात म्हणते आहे. वरवर शिकवतात तसं तर सगळीकडेच शिकवतात. इथे पण लहान वर्गांत सहा धर्म भराभर उरकतात, एक तक्ता असतो, धर्म, ग्रंथ, प्रार्थनास्थळ, सण, खाणं. आपल्याकडे तर तेवढंही नाही, भिंतीवर चार धर्मांची चार मुलं हात जोडून उभी असलेलं चित्र असतं आणि खाली सर्वधर्मसमभाव. या तक्त्याने काहीच होत नाही हो. ज्याला एवढंच माहीत आहे की मुसलमान म्हणजे कुराण, मशीद आणि ईद, त्याला फोनवर कोणी काहीही पाठवलं तरी त्याला ते खरं वाटणार, कारण ताडून बघायला त्याच्याकडे काही नाहीच. ज्याला माहीत आहे की यांच्यातच सुन्नी शिया आहेत, यांच्यात आपसात कशावर वाद आहेत, एकाच गोष्टीवर चार माणसं चार तऱ्हेने बोलतात, तो थांबून विचार करेल की हे सगळे असेच असतात म्हणजे नक्की कोण?

हे मी हवेत बोलत नाहीये, आम्ही लेस्टरचे आहोत. 2022 साली 28 ऑगस्टला दुबईत आशिया कपची भारत पाकिस्तान मॅच झाली आणि त्यानंतर आमच्या शहरात काय झालं ते तुमच्या पेपरात पण आलं होतं. तीन आठवडे तणाव होता, 17 सप्टेंबरच्या रात्री तर दोन्हीकडची तरुण मुलं रस्त्यावर समोरासमोर, मध्ये पोलिस. एका मुलीला पळवून न्यायचा प्रयत्न झाला अशी पोस्ट फिरली, पोलिसांनी तपास करून सांगितलं की असं काही घडलेलंच नाही, पण तोपर्यंत ती कुठल्या कुठे पोचली होती. मशिदीबद्दल, मंदिराबद्दल, कुठून कुठून बसेस भरून माणसं येतायत, काय वाटेल ते. त्यातलं बरंचसं तर शहराबाहेर, देशाबाहेर बसलेली माणसं पाठवत होती. माझी मुलगी तेव्हा इयर एटला. लेस्टरमध्ये 2021 च्या जनगणनेत ख्रिश्चन 24.7 टक्के, मुसलमान 23.5 टक्के, हिंदू 17.9 टक्के, म्हणजे तिच्या वर्गात सगळेच आहेत, आणि पुढच्या आठवड्यात सगळ्यांना शाळेत जायचंच होतं, एका बाकावर बसायचं होतं. त्या आठवड्यात आरईच्या, म्हणजे धर्माच्या विषयाच्या, मॅडमनी धडा बाजूला ठेवून मुलांना बोलू दिलं, एवढं मला मुलीकडून कळलं. मी असं म्हणत नाही की धर्माचा तास असला की दंगल होत नाही. रस्त्यावर उतरलेल्यांतही इथल्याच शाळांत शिकलेली मुलं असणार. पण मला माझं मूल दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर शेजारच्या मुलीला प्रश्न विचारू शकेल असं हवंय, आणि त्यासाठी प्रश्न काय विचारायचा इतपत तरी माहिती लागते.

आता त्या कोर्समध्ये सगळं छान आहे असं पण नाही, ते पण लिहिते. पहिली गोष्ट म्हणजे परीक्षेचा कारखाना. मुलं कुराणातल्या आयतींच्या अर्ध्या अर्ध्या ओळी कार्डावर लिहून पाठ करतात कारण त्याला मार्क आहेत, पुढची मागची ओळ काय हे बघत नाहीत. दुसरं म्हणजे पुस्तकातला इस्लाम मक्का मदिनेहून निघतो आणि थेट बर्मिंगहॅमच्या मशिदीत येऊन उतरतो, मधलं काहीच नाही. जगातले सगळ्यात जास्त मुसलमान इंडोनेशियात, आपल्या भारतात 2011 च्या जनगणनेप्रमाणे सतरा कोटींच्या वर, त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. सूफी जवळजवळ नाहीतच. आपल्या दख्खनमध्ये हा धर्म कसा आला, कसा रुजला, गुलबर्ग्याला सूफी संत बंदेनवाजांच्या दर्ग्यावर कोण कोण जातं, श्रीगोंद्याचे शेख महंमद हे कादरी परंपरेतले सूफी असून मराठीत लिहितात आणि आपण त्यांना संत म्हणतो, एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा भांडणाचा संवाद लिहून त्यांना शेवटी समेटावर आणलं, हे इथल्या मुलांना कोण सांगणार? मी मुलीला सांगते. तिने एकदा वर्गात शेख महंमदांबद्दल सांगितलं तर मॅडमनी तिला पाच मिनिटं बोलायला दिली.

आणि तिसरं, अवघड प्रश्न. कोर्समध्ये स्त्री पुरुष समानतेवर, युद्ध आणि शांततेवर भाग आहे, जिहादवर पण आहे, मनातला झगडा आणि हत्याराचा झगडा, त्याचे नियम, कोणावर हल्ला करता येत नाही वगैरे. ते चांगलंच आहे. पण मला वाटतं त्या धर्माच्या आतून ज्यांनी प्रश्न विचारले त्यांची नावं मुलांना कळली पाहिजेत. आपले हमीद दलवाई. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. 18 एप्रिल 1966 ला सात मुसलमान बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा काढला, तोंडी तलाकच्या विरोधात. सात बायका, फक्त सात, आणि सगळीकडून शिव्या. 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. तोंडी तलाक रद्द करणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला 22 ऑगस्ट 2017 ला, म्हणजे एक्कावन्न वर्षांनी. दलवाई पण त्याच समाजातले, आणि त्यांना विरोध करणारे मौलवी पण त्याच समाजातले. दोन्ही दाखवायचे. खोलात शिकवणं म्हणजे गोड गोड शिकवणं असं मी अजिबात म्हणत नाही, आणि झोडपायला म्हणून शिकवणं पण नाही.

त्या वाचकांनी अजून एक विचारलं होतं, की हिंदू धर्म का नाही शिकवत मग? प्रश्न बरोबर आहे. 2021 ला इंग्लंड आणि वेल्समध्ये मुसलमान 6.5 टक्के म्हणजे 39 लाख, हिंदू 1.7 टक्के म्हणजे साधारण दहा लाख. शाळा बघते की पुस्तकं कुठली मिळतात, शिक्षकांना कुठलं शिकवता येतं. हिंदू धर्माचा पेपर आहे, त्यात ब्रह्म, आत्मा, चार पुरुषार्थ, मोक्ष सगळं आहे, पण तो घेणाऱ्या शाळा थोड्या. हे बदलायचं असेल तर मुलाला वर्गातून काढून लायब्ररीत बसवून बदलणार नाही. प्रत्येक कौन्सिलमध्ये धर्मशिक्षणाची सल्लागार समिती असते, त्यात वेगवेगळ्या धर्मांचे प्रतिनिधी बसतात, हिंदूंचे पण. तिथे जा, शाळेत जाऊन हेडला भेटा, मंदिर दाखवायला मुलांना बोलवा. आमच्या ग्रुपमधले दोघं तिघं हे करतायत आणि शाळा ऐकतात.

आता आपल्याकडचं. भारतात घटनेच्या 28 व्या कलमाप्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. पण 2002 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की धर्मांविषयी अभ्यास करणं वेगळं, त्याला बंदी नाही. तरी आपण काय करतो? अकरावीच्या एनसीईआरटीच्या जागतिक इतिहासाच्या पुस्तकात मध्य इस्लामी प्रदेशांवर एक अख्खा धडा होता, अरबस्तानात हा धर्म कसा उभा राहिला, खिलाफत, सूफी, विद्या, व्यापार, सगळं. 2022 मध्ये ओझं कमी करायचं म्हणून जे धडे गेले त्यात तो पण गेला. सतरा कोटी लोकांच्या धर्माचा उगम मुलांना शिकवणं हे ओझं कसं होतं ते मला अजून कळलं नाही.

आणि आपल्या मराठीला हे काही परकं नाहीये हो. जोतिराव फुल्यांनी पैगंबरांवर अखंड म्हणजे अभंगासारखं काव्य लिहिलं, मानव महंमद. विनोबांनी तर कुराण मुळातून वाचायचं म्हणून अरबी शिकली, उच्चार नीट यावेत म्हणून मेहनत घेतली, आणि निवडक आयतींचं संकलन करून ठेवलं. विनोबा गीतेचे होते ते गीतेचेच राहिले. त्यांना कोणी विचारलं नाही की तुम्ही कशाला वाचता. आणि आज पंधरा वर्षांच्या पोराने शाळेत तेच थोडंसं वाचलं तर आपण त्याला तासातून उठवायचं?

त्या वाचकांना माझी विनंती आहे, पुतण्याला एवढंच सांगा की मुलाला तासातून काढायचा फॉर्म भरायच्या आधी मुलाचं पुस्तक घेऊन एक रविवार त्याच्याबरोबर बसून वाच, दोन्ही धर्मांचे भाग वाच, आणि मग काही खटकलं तर शाळेला मेल करून वेळ माग. शिक्षक भेटतात, वह्या दाखवतात, मी स्वतः भेटले आहे. आणि संपादक साहेब, तुमच्याकडे पण एक मागणं आहे. रमजान आला की तुमच्या पुरवणीत दरवर्षी शीरखुर्मा आणि मोहम्मद अली रोडचे फोटो येतात, ते येऊ द्या, पण या वेळी महिनाभर कोणा जाणकार माणसाकडून, शक्यतो मराठी मुसलमान लेखकांकडून, रोज एक छोटा लेख लिहून घ्या. सुन्नी शिया म्हणजे काय, जकात कशी मोजतात, कोकणी मुसलमानांचं बोलणं चालणं, शेख महंमद, दलवाई, कडेगावचे ताबूत. मी ते कापून, म्हणजे स्क्रीनशॉट काढून, मुलीच्या मॅडमना इंग्रजीत करून देईन, आणि माझ्या माहेरच्या ग्रुपवर पण पाठवीन.

आपली एक वाचक,
लेस्टर, इंग्लंड
(मुलीच्या शाळेमुळे नाव छापू नये ही विनंती)